करनारा कोन

आमच्या घरमालकीण मावशींच्या जगात आपोआप काहीच होत नसे. नळ गळायला लागला तर तो कोणीतरी दाबून आवळलेला असायचा, दूध नासलं तर त्यात कोणीतरी ओला चमचा घातलेला असायचा. "आपोआप काय होत नाय गो, करनारा असतो," असं त्या म्हणत, आणि तो करणारा सापडेपर्यंत त्यांना चैन पडत नसे.

एकदा मे महिन्यात त्यांच्या ओट्यावर चोखलेली कोय येऊन पडली. दुसऱ्या कोणी ती उचलून टाकली असती. मावशींनी ती तिथंच राहू दिली, पुरावा म्हणून, आणि चारही माळ्यांवर जाऊन प्रत्येक भाडेकरूला विचारलं, "आज आंबा कोनी खाल्ला?" मे महिना असल्यामुळे सगळ्यांनीच खाल्ला होता. मग सगळ्यांना ओट्यापाशी बोलावून जबान्या सुरू झाल्या. तेवढ्यात पत्र्यावरून एक कावळा उतरला, कोय चोचीत धरून उडाला आणि जाताना ती परत टाकून गेला. आम्हाला वाटलं, सुटलो. मावशींनी कावळ्याकडे पाहिलं, आमच्याकडे पाहिलं आणि म्हणाल्या, "ठीक हाय. पन कावल्याला दिला कोनी?"

मी तेव्हा नुकतीच कराडहून आले होते. महापेला नोकरी लागली होती आणि खाडीकाठच्या एका जुन्या गावठाणात मावशींच्या इमारतीत दुसऱ्या माळ्यावर एक खोली भाड्यानं मिळाली होती. चारी बाजूंनी सेक्टर, मधे हे गाव. इमारती एकमेकींना इतक्या चिकटून की समोरच्या घरातला कुकर आपलाच वाटायचा. मावशी खाली राहायच्या. नवरा जाऊन बरीच वर्षं झाली होती. मुलगा रेती-सिमेंटच्या धंद्यात, तो कायम साइटवर. लेक कोपरखैरण्याला दिलेली, तिथं तिचं पार्लर होतं. म्हणजे मावशींच्या तावडीत सापडणारे आम्ही भाडेकरूच. त्यातही मी एकटी राहणारी, शनिवार-रविवार मोकळी आणि शिकलेली, म्हणून माझा नंबर पहिला.

मावशी अंगानं भरलेल्या, आवाजानं त्याहून. "बिल्डिंग एकेक माला चरत गेली, तशी मीपन चरत गेले," असं त्याच सांगत; त्यांच्या बोलीत ‘ड’-‘ढ’चा ‘र’ आणि ‘ळ’चा ‘ल’ होई, म्हणून चढणंही चरणंच. सकाळी ओट्यावर बसून मशेरी लावायची, हा त्यांचा दरबार. तोंडात मशेरी असताना त्या हातवाऱ्यांनी कारभार चालवत, आणि चूळ भरली की मागचं सगळं एकदम बोलून घेत. दुपारी जेवण झालं की गच्चीवर जाऊन पाण्याच्या टाकीमागे विडी ओढत. हे गुपित होतं. म्हणजे मावशींच्या समजुतीप्रमाणे होतं. गच्चीवर वाळत घातलेल्या आमच्या ओढण्यांना ते पहिल्या दिवसापासून माहीत होतं.

अशा बाईच्या हाताची बोटं एका हिवाळ्यात सुजली. दोन्ही हातांची, सारखीच. अंगठी निघेना. सकाळी मूठ वळेना, ती वळायला जेवणवेळ व्हायची. मशेरीची डबी उघडायला त्या मला हाक मारू लागल्या. कोणीही म्हणालं असतं, दुखतंय तर डॉक्टरकडे जाऊ. मावशींनी आधी चौकशी उघडली.

पहिला संशय पहिल्या माळ्यावरच्या जोडप्याच्या एसीवर. त्याचं बाहेरचं यंत्र नेमकं ओट्याच्या डोक्यावर होतं. "वरशी गार वारा सोरतान, माजी हारां धरली." बाहेरचं यंत्र गरम हवा सोडतं हे सांगून पटेना, तेव्हा त्या बिचाऱ्या मुलानं माणूस बोलावून ते पलीकडच्या भिंतीवर हलवलं. बोटं सुजलेलीच राहिली, आणि पलीकडच्या इमारतीशी भांडण लागलं ते वेगळं. मग दही बंद झालं. मग फ्रिजचं पाणी. मग पुडीतलं मीठ. "खाडीचं खडं मीठ खाल्ला तवर काय नाय झाला," म्हणून त्यांनी कुठून तरी काळपट खडे मीठ आणवलं आणि महिनाभर आम्हा सगळ्यांना ते वाटलं. शेवटी संशय शेजारच्या घरातल्या धाकट्या जावेवर गेला. तिनं दिवाळीत करंज्या पाठवल्या होत्या, त्यानंतरच दुखणं सुरू झालं होतं. मावशींनी तिच्याशी बोलणं टाकलं. जाऊबाईंना कारण कळेना, म्हणून त्या समजूत काढायला आणखी करंज्या घेऊन आल्या. त्यानं प्रकरण फारच चिघळलं.

मुलगा साइटवरून ओरडला तेव्हा कुठे त्या वाशीला संधिवाताच्या डॉक्टरकडे यायला तयार झाल्या. सोबत मी. डॉक्टर एक तरुण बाई होत्या. त्यांनी बोटांचे सांधे एकेक करून दाबले, मग म्हणाल्या, "मावशी, तोंड उघडा."

मावशी माझ्याकडे वळून म्हणाल्या, "दुखतान हात, आन ही तोंड बघते."

हिरड्या सुजलेल्या होत्या. रक्ताच्या तपासण्या झाल्या. रिपोर्ट घेऊन दुसऱ्यांदा गेलो तेव्हा डॉक्टरांनी नीट समजावून सांगितलं. हा आमवात. वयानं हाडं झिजतात तो वेगळा. आपल्या अंगात रोगाशी लढणारी जी ताकद असते, ती चुकून आपल्याच सांध्यांच्या आतल्या अस्तराला परकं समजते आणि त्याच्यावर तुटून पडते.

मावशी पुढे सरकून बसल्या. "म्हंजे घरातलाच हाय."

"हो, घरातलाच."

"आन त्याला कोनी शिकवला?"

डॉक्टर हसल्या नाहीत, हे मला फार आवडलं. त्या म्हणाल्या, "ते अजून कोणालाच पक्कं माहीत नाही. असं एक कारण नसतं मावशी. बऱ्याच गोष्टी जमून याव्या लागतात. रक्ताच्या नात्यात कोणाला असेल तर शक्यता वाढते. पुरुषांपेक्षा बायकांना जास्त होतो, तुमच्या वयात बऱ्याचदा सुरू होतो. वजन, हिरड्यांचा आजार, दगडाच्या धुळीत केलेलं काम. आणि मुख्य म्हणजे विडी-सिगारेट."

"दही?"

"नाही."

"एसीचा वारा?"

"गारव्यानं दुखणं जास्त जाणवतं. पण गारव्यानं हा आजार होत नाही."

"जावेच्या हातच्या करंज्या खाल्ल्या तर?"

"त्यानं वजन वाढेल फक्त."

मावशींचा चेहरा पडला. इतक्या मेहनतीनं जमवलेले आरोपी एका दमात सुटले होते. मग डॉक्टरांनी विचारलं, "पूर्वी काम काय करायचात?"

"भातशेती. ती सरकारनं घेतली, मंग डोंगरावरच्या खानीवर. खडी फोरली." खिडकीबाहेर हात दाखवून त्या म्हणाल्या, "ह्ये टॉवर उभं हायत ना, त्यातली खडी माजी हाय."

"धूळ असायची?"

"दुपारी घरवाल्याला मी वलखू नाय याची, इतकी."

"मशेरी लावता?"

"लावतंय."

"विडी?"

"नाय," मावशी म्हणाल्या. मी पंख्याकडे पाहत राहिले.

परतताना आम्ही रिक्षा केली. उड्डाणपूल उतरल्यावर म्हणाल्या, "खानीचा मी सांगला. हिरड्या तिनं बघल्या. पन बिरीचा तिला कसा कलला?"

"त्या फक्त विचारत होत्या मावशी. सगळ्यांनाच विचारतात."

"तू तर नाय ना सांगला?"

"मी कशाला सांगू? आणि सांगायचं काय, सगळ्या बिल्डिंगला माहीत आहे."

त्यांनी रिक्षावाल्याच्या पाठीकडे संशयानं पाहिलं, जणू त्यालाही माहीत असावं. घरी पोचल्यावर मात्र त्या आधी शेजारी गेल्या, जाऊबाईंच्या हातचा चहा प्यायल्या आणि काहीही कारण न सांगता करंज्यांचं कौतुक करून आल्या. जाऊबाई त्या दिवसापासून त्यांना जास्तच घाबरू लागल्या.

गोळ्या आणल्या त्या फ्रिजवर राहिल्या. डॉक्टरांनी बजावलं होतं की उशीर केला तर सांधे कायमचे वाकतील. पण मावशींना वाटे, गोळी घेतली म्हणजे फाईल बंद केली. "एवढी नावां घेतली तिनं. त्यातला पयला कोन, ता तरी कलू दे," असं म्हणून त्या बाम चोळत बसायच्या. मी रागावले, मुलगा रागावला. शेवटी मी म्हटलं, "रक्ताच्या नात्याचं तरी बघा. तुमच्या आईला होतं का?"

आई त्या लहान असतानाच गेली होती. पण आईची धाकटी बहीण मावशींच्या माहेरगावी, मोऱ्याला होती, मावशींची मावशी. पुढच्या रविवारी आम्ही बेलापूरहून उरणच्या बसमध्ये बसलो. मावशी खिडकीशी. रस्त्यात कंटेनरच्या रांगा लागल्या की त्या म्हणायच्या, "इथं मिठागर व्हता," आणि थोडं पुढे गेलं की, "इथंपन व्हता." उरणहून रिक्षा करून मोरा बंदराजवळ पोचलो. धक्क्याला मुंबईची लाँच लागली होती आणि म्हातारी आपल्या दाराशी सुकट निवडत बसली होती.

तिचे हात मी विसरणार नाही. चारही बोटं करंगळीच्या बाजूला झुकलेली, वाऱ्यानं एका अंगाला पडलेल्या भातासारखी. तळहाताच्या कडेनं ती सुकट पुढे ओढत होती, आणि तेही सफाईनं.

मावशींनी ना हालहवाल विचारली ना पाणी मागितलं. "ह्ये कवापासना?" म्हणाल्या.

"मना काय माहीत. पोरां झाली तवापासना," म्हातारी म्हणाली. "आपल्या घरान बायांचं हात असंच. आजीचं पन व्हतं. तुज्या आयशीचं माज्यापरीस वाकरं."

"आयशीचं?"

"मंग. ती तुजी येनी घालाची काय? मीच घालाची. तिचं बोटां चालाची नाय."

मावशी उभ्या होत्या त्या तिथंच उंबऱ्यावर बसल्या. माझ्याकडे न बघता म्हणाल्या, "मना वाटाचा, मी तिला आवरत नाय. भावाला मांडीवर घ्याची. मना बोलाची, जा, मावशीकरं जा."

म्हातारीनं मान हलवली. "तुजी येनी बघून ती रडाची," ती म्हणाली. मग तिनं आम्हाला चहा करायला सुनेला हाक मारली आणि सुकटीच्या भावाबद्दल बोलू लागली.

परतीच्या बसमध्ये मावशी एकही मिठागर दाखवेनात. मला वाटलं, चौकशी संपली, आता गोळ्या सुरू होतील. पण आईचा हात सापडल्यानं त्यांचं कुतूहल शमलं, औषधाची घाई काही झाली नाही. ती घाई माझ्या भुवईनं आणली.

मी भुवया करायला मावशींच्या लेकीकडेच जायची. ती पस्तिशीची, बोलायला गोड, आणि तिचा दोरा असा चालायचा की दुखायच्या आत काम झालेलं असे. हल्ली मात्र ती काउंटरवर बसायची आणि भुवया हाताखालच्या मुलींवर सोडायची. त्या शनिवारी मुली रजेवर होत्या, म्हणून तिनं स्वतः दोरा घेतला. दोनदा सुटला. तिसऱ्यांदा असा सुटला की माझी डावी भुवई शेपटाशी अर्ध्यावर संपली. तिनं इतक्यांदा सॉरी म्हटलं की मलाच अवघडल्यासारखं झालं.

मी ओढणी कपाळावर घेऊन घरात शिरत होते. मावशी ओट्यावर होत्या.

"थांब. ह्यो कोनी केला?"

"कुठे काय, पार्लरमधे."

"कनच्या?"

मी गप्प. मावशींपुढे गप्प बसणं म्हणजे कबुलीजबाब. त्यांनी माझी हनुवटी धरून भुवई उजेडात फिरवली. "माजी पोर असा काम नाय करत," त्या हळूच म्हणाल्या. मग चप्पल घातली. दाराला कडी लावायची ती मलाच लावायला लागली. आम्ही रिक्षानं थेट कोपरखैरण्याला गेलो.

पार्लरमध्ये दुसरं कोणी गिऱ्हाईक नव्हतं. लेक म्हणाली, "आई, तू इथं कशी?"

"हात दे."

"काय झालं?"

"हात दे गो."

डॉक्टरांनी दाबली होती तशीच मावशींनी तिची बोटं मुळाशी धरून दाबली. स्वतःच्या सुजलेल्या हातांनी. दोघींच्याही तोंडून एकदम "आई गं" निघालं. प्रसंग तसा गंभीर होता, पण मला हसू आवरायला आरशाकडे पाठ करावी लागली.

"कवापासना?"

"पाऊस संपल्यापासून. सकाळी बोटं वळत नाहीत."

"मना बोलली का नाय?"

लेक दोरा गुंडाळत राहिली. मग म्हणाली, "तू आधी विचारणार, कोणी केलं. मी काय सांगायचं? डॉक्टर तुला रक्ताच्या नात्याचं बोलल्या, ते दादानं सांगितलं मला. तुझं नाव घेऊ?"

मावशी गिऱ्हाइकाच्या फिरत्या खुर्चीवर बसल्या. समोर मोठा आरसा. त्यात त्या स्वतःकडे बराच वेळ बघत होत्या. एवढी मोठी बाई त्या खुर्चीत पहिल्यांदाच लहान दिसली. मला वाटलं, आता रडतील. त्या म्हणाल्या, "शटर पार. डॉक्टरकरं जायचा हाय."

"आज शनिवार आहे आई. अपॉइंटमेंट लागते."

"आपुन जाऊन बसू. बसाला काय अपॉइन्मेंट लागत नाय."

आम्ही जाऊन बसलो. खरंच बसलो. दवाखान्यातल्या मुलीनं दोनदा सांगितलं की आज नंबर लागणार नाही. मावशी म्हणाल्या, "नको लावू, आमी बसलोय." शेवटचा पेशंट निघून गेल्यावर डॉक्टरांनीच आत बोलावलं.

तपासण्या झाल्या. लेकीलाही तोच आजार निघाला, पण अगदी सुरुवातीला सापडला होता. डॉक्टर म्हणाल्या, "हे बरं झालं. इतक्या लवकर कोणी येत नाही. तुम्ही विडी-सिगारेट ओढत नाही ना? ओढणारे शेजारी बसत असतील तर तेही टाळा."

लेकीनं आईकडे पाहिलं. माझी भुवईसुद्धा आईकडे वळली.

मावशींनी खाली बघून विचारलं, "बाय, खरा सांग. मी दिला ना तिला?"

डॉक्टरांनी पेन खाली ठेवलं. "मावशी, हिचं नाक कोणाचं आहे?"

"माजा."

"आवाज?"

"माजाच."

"ते तुम्ही ठरवून दिलं का? तसंच हे. आणि आजार नाही आला तुमच्याकडून, आजाराची शक्यता आली. तुमच्या मुलालाही ती आली असेल, त्याला कदाचित कधीच काही होणार नाही. शक्यतेपुढे काय घडतं ते कोणाच्या हातात नसतं. गोळी घेणं हातात असतं. तुमच्या गोळ्या चालू आहेत ना?"

"आजपासना," मावशी म्हणाल्या.

त्या शब्दाला जागल्या. त्यातली एक गोळी आठवड्यातून एकदाच घ्यायची होती. मावशींनी सोमवार ठरवला, त्या दिवशी तसंही घरात मासळी नसायची, म्हणून एकूण दुःख एकाच दिवशी उरकेल. मायलेकी फोनवर एकमेकींना "घेतली का?" विचारून मगच गोळी घेत. दर काही महिन्यांनी रक्त तपासायला दोघी मिळून जात. विडी मात्र सहजासहजी सुटली नाही. पहिल्या आठवड्यात त्यांनी पाण्याच्या टाकीशी उगाचच भांडण काढलं, म्हणजे प्लंबरला बोलावून टाकीची जागा बदलायला लावली. "तिकरं उभी रायली की हात खिशात जातो," म्हणाल्या. साडीला खिसा कुठून आला, हे विचारायची सोय नव्हती. मशेरीची जागा दात घासायच्या पेस्टनं घेतली. त्यामुळे सकाळचा दरबार लवकर सुरू होऊ लागला आणि आम्ही भाडेकरू हवालदिल झालो.

लेकीची बोटं काही महिन्यांत सरळ चालू लागली. ती पुन्हा दोरा धरते. मावशींची सूज उतरली, सकाळी मूठ वळते, पण उजव्या हाताची दोन बोटं तेवढ्या उशिरात वाकली ती वाकलीच. मी एकदा त्यांना विचारलं की वाईट वाटतं का. त्या म्हणाल्या, "वाटतं ना. पन पोरीची सरल हायत." आणि लगेच विचारलं की जिन्यातला दिवा दिवसाढवळ्या कोणी लावून ठेवलाय.

पुढे माझं लग्न झालं आणि मी खारघरला राहायला गेले. गेल्या वर्षी मावशींच्या नातवाच्या हळदीला बोलावणं आलं. आगरी हळद म्हणजे अख्खं गाव रस्त्यावर. मांडव भरलेला, बेंजो सुरू, आणि मांडवाच्या तोंडाशी खुर्ची टाकून मावशी बसलेल्या. बाजूच्या खुर्चीवर त्यांनी मला बसवून घेतलं. येणारी प्रत्येक बाई त्यांच्या पाया पडायला वाके, आणि मावशी आशीर्वाद द्यायच्या आधी तिचा हात हातात घेऊन बोटांच्या मुळाशी दाबत. मी आले तेव्हा माझाही दाबून झाला होता. बायकांना वाटे, म्हातारी प्रेमानं धरते. काही मुली हसत होत्या.

"सकाली मूठ वलते?" त्या विचारत. वलते म्हटलं की, "मंग जा, जेव."

बराच वेळ हे असं चाललं. मग मोऱ्याच्या माहेरची एक गाडी आली आणि त्यातून त्यांच्या भावाची नात उतरली. विशीतली, मेंदी काढलेली, नाचायला अधीर. ती वाकली, मावशींनी हात दाबला आणि मुलीनं तो पटकन मागे ओढू पाहिला.

"काय नाही आजी, मोबाईल धरून धरून दुखतं," ती म्हणाली.

मावशींनी हात सोडला नाही. बेंजोवाल्यांकडे बघून दुसऱ्या हातानं आवाज कमी करायची खूण केली. त्या मुलीच्या चेहऱ्याकडे बघत, पण मला उद्देशून म्हणाल्या, "ऊठ गो बाय. हिला बसू दे."

मी उठले.